विमानांवर उगारलेली गोफण
हुरडा भाजल्याचा वास आला की विमानतळालगतचं आमचं ज्वारीचं रान आठवतं. एकदा चुलते पिकातल्या माळ्यावर, उंच मचाणावर, उभे राहून गोफणीनं पाखरं हाकत होते. तेवढ्यात उतरायला आलेल्या मोठ्या विमानासमोर एक छोटं विमान आडवं आलं. हुरडा भाजायच्या आगटीभोवती बसलेले आम्ही सगळे थिजलो. चुलत्यांनी मात्र रिकामी गोफण गरगरा फिरवली आणि पाखरांवर ओरडावं तसे ओरडले, "हाऽ हाऽ! वर हो की रं!" मोठं विमान गर्जत वर गेलं, छोटं खालून निसटलं. चुलते गोफण खांद्यावर टाकून खाली उतरले. म्हणाले, "मी हुतो म्हनून बरं!" आम्ही पोट धरून हसलो. आता मीच विमानानं गावी येतो. उतरताना खिडकीतून माळ्यावर कुणीतरी उभं दिसलं, की मगच घट्ट धरलेला खुर्चीचा हात सोडतो.