जिंकलेल्यांची पाठ काढणारा

माझ्या मेहुण्याइतका कुजकट माणूस अख्ख्या पनवेलात झाला नाही, आणि पनवेलात कुजकट माणसांची टंचाई आहे असं मला कोणी सांगू नये. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ नावाला कोर्टात कारकून, खरा धंदा लोकांची सालटी काढण्याचा. पनवेलातून एक मासिक निघायचं. जाहिराती जमल्या तर महिन्याला, नाहीतर देवाच्या मर्जीनं. त्याच्या शेवटच्या पानावर ह्याचं व्यंगचित्र. आलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढायचा, आणि लग्नाला मात्र जायचा नाही. सत्कार असला की न बोलावता पहिल्या रांगेत. कोण चेअरमन झाला, कोण सभापती झाला, कोणाला कसलं भूषण चिकटवलं, त्या सगळ्यांना हा पाठमोरं काढायचा. पडलेल्या उमेदवाराला तेवढा तोंडासकट. मी एकदा विचारलं, असं का रे? तर म्हणाला, "भावजी, जिंकलेल्याचं तोंड पाच वर्षं दिसतंय कुठं? जे दिसतं ते काढतो."

पण लोक ह्याच्याही वरचे निघाले. एका नगरसेवकाची त्यानं पाठ काढली. अंगावर एकावर एक सात शाली, आणि पायाशी रस्त्याच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत बुडालेली म्हातारी. दुसऱ्या दिवशी तो गडी पेढे घेऊन ह्याच्या दारात. "काय पाठ काढलीय साहेब, एकदम भरदार! मूळ चित्र द्या, ऑफिसात लावतो." मेहुण्यानं विचारलं, "आणि म्हातारी?" तो म्हणाला, "ती कापून टाकू ना!" मेहुणा दोन दिवस धड जेवला नाही. मला म्हणाला, "शिवी दिली, तर त्यानं फ्रेम केली. आता या गावात लाज आणायची तरी कोणाला?" मी म्हटलं, म्हशीच्या पाठीवर पाऊस पडला तर ती छत्री मागते काय?

शेवटी लाज आणली ती मलाच. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. मी दहा वर्षं लोकांच्या बारशाला आणि मयतीला पुढं पुढं करत आलेलो, ते काय पाण्यात सोडू? बायकोचा अर्ज भरला. तिला विचारलं नाही. मला तसली सवयच नव्हती. फ्लेक्सवर माझा फोटो दरवाज्याएवढा, तिचा कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा. सपाटून पडली. पुढच्याच अंकात चित्र आलं: मी मिशांसकट लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन हात जोडतोय, आणि खाली ओळ, "उमेदवार आत भाकऱ्या थापतायत." मासळी बाजारातल्या कोळणी मला "या वहिनी, पापलेट घ्या" म्हणायला लागल्या. मी मेहुण्याला सांगितलं, माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकलंस तर तंगडी तोडीन.

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे येतो. आमच्यात माझ्या हट्टापायी बहीणच ओवाळणीचं ताट झाकून सहा आसनी रिक्षात बसायची आणि भावाकडे जायची. अशी सात वर्षं गेली. मला त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. शहाणा ना मी!

गेल्या वर्षी ती वारली. मेहुणा आला तो अंगणातच उभा राहिला. रडत होता, पण दाराच्या आत पाऊल नाही. "आत ये" एवढे दोन शब्द, तेही माझ्या जिभेला उचलले नाहीत.

यंदाच्या भाऊबीजेला घरात बसवेना. उठलो आणि त्याच्याकडे गेलो. त्यानं दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "या वहिनी."

हा असा माणूस. चहा झाला. मग इतकी वर्षं घशात अडकलेलं विचारलं, "ते चित्र बघून ती हसली होती का रे?"

"नाय. रडली."

"माझ्यामुळं?"

"दोघांमुळं. तुमाला वाटलं, ताई नावाला उभी हाय. मलाही तेच वाटलं. ती खरंच उभी होती, भावजी. तुमी नाक्यावर भाषणं ठोकत होता, तेव्हा ही भर दुपारी एकटी दारोदार फिरत होती. जन्मभर लोकांच्या पाठी काढल्या मी, आणि माझ्या बहिणीचं तोंड मला दिसलं नाय."

उठून कपाटातून त्यानं दोनशे पानी वही काढली. चित्र आलं त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिनं ती त्याच्यापुढं टाकली होती, "हे वाच, मग चित्रं काढ" म्हणून. तिच्या हातचं अक्षर. कुठल्या गल्लीत नळाला पाणी येत नाही, कुठला दिवा बंद, कोणाच्या दारात कचरा साठतो. निवडून आल्यावर करायची सगळी कामं. मी चौथीपर्यंत शिकलेला, जोडाक्षराला अडखळतो. पण पहिलं काम मला लागलीच वाचता आलं. "आमचा ओटा गटारावर बांधला आहे. तो आधी तोडणे. मग दुसऱ्याला सांगणे."

त्याच ओट्यावर बसून मी तिची निवडणूक लढवली होती.

दिवाळी संपल्यावर दोन माणसं लावून ओटा तोडला. मेहुणा खुर्ची टाकून समोर बसला होता, घण कसा मारावा ते त्यांना शिकवत. स्वतः जन्मात खिळा ठोकलेला नाही. शेजारचे जमले. एकानं विचारलं, "काय हो, नगरपालिकेची नोटीस आली वाटतं?"

मी म्हटलं, "नोटीस आली, पण मला जरा उशिरा मिळाली."