कुलूपबंद कपाटातले चेहरे

"हात दखाड, माय," म्हणत अक्का आधी स्वतःचाच हात पुढे करायच्या. केळीच्या बागेत आयुष्य गेलेला, काळपट डागांनी भरलेला हात. मूल आपोआप त्यावर आपला हात ठेवायचं. मग अक्का डोळे बारीक करून त्याच्या कातडीचा रंग बघत बसायच्या, बाजारात कापड निवडावं तशा.

सावद्याच्या आमच्या बालवाडीत त्या फाटकी पुस्तकं चिकटवायला यायच्या. माहेर धुळ्याकडचं, बोलीही तिकडचीच. मी तिथली व्यवस्था बघते. पुस्तकांची यादी माझी, कपाटाची किल्लीही माझ्याचकडे. म्हणून पुढचं नीट ऐका. एका सोमवारी मी कपाट उघडलं, तर गोष्टीच्या पुस्तकातला गुलाबी मुलगा गव्हाळ झाला होता.

मी यादीत लिहिलं, 'डाग : एक.' बुधवारी तो सावळा झाला आणि शेजारच्या पुस्तकातली मुलगीही बदलली. शनिवारी डाग नऊ. कुलूप जागच्या जागी. ओल आली म्हणावं, तर ओल फक्त चेहरे निवडून लागते का, तुम्हीच सांगा. कपाट उघडण्याआधी मी मुद्दाम खाकरायला लागले, आत कोणी असल्यासारखं.

शेवटी एका दुपारी, पुस्तकं चिकटवायला बसलेल्या अक्काच सापडल्या. केळीच्या ताज्या देठातून गळणारा चीक काडीवर घेऊन त्या एका चित्राच्या गालाला लावत होत्या.

"अक्का, नवी पुस्तकं आहेत ही!"

"नवी शेतस, मॅडम. पन यामा आपलं एक तरी पोर शे का?"

"आणि हे काय लावताय? दिसत तर काहीच नाही."

"चीक शे. आज नही दिखस. येई, हळूहळू येई."

केळीचा चीक आधी पाण्यासारखा, मग तपकिरी, मग कायमचा. सावद्यात राहून मला एवढंही सुचू नये?

त्याच वर्षी दिवाळीआधी सुनी आली. पाच वर्षांची, शिरपूरकडून केळीच्या कामाला आलेल्या कुटुंबातली. मुलं तिला "ए कोळसा" म्हणायची. ती अक्कांना हात दाखवेना. अक्कांनी हळूच तिची बाही वर केली. टाच घासायच्या वजरीनं मनगट सोललेलं होतं.

"निघतच नाही," सुनी म्हणाली.

अक्का वाढदिवसाच्या गोष्टीचं पुस्तक आणि चिकाची काडी घेऊन दुपारभर बसल्या. मग म्हणाल्या, "तू येशी यामा. तोवर वजरीले हात नही लावना. कबूल?"

सुनीनं पुस्तक उघडून पाहिलं. मुलगी गुलाबीच होती. तरी तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी लागली.

सुट्टीत अक्का भावाकडे धुळ्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. मी यादीत लिहिलं, 'वाढदिवसाचं पुस्तक : काम अपूर्ण.' एका दुपारच्या चिकानं एवढा गडद रंग कुठून येणार? फिकट मुलगी पाहून सुनी काय करेल, याचा विचार बारा दिवस डोक्यातून गेला नाही.

बालवाडी उघडली तेव्हा ती कपाटासमोर उभीच होती, हात पाठीमागे लपवून. किल्ली मला दोनदा फिरवावी लागली. पुस्तक उघडलं.

केकसमोर बसलेली मुलगी सुनीच्या रंगाची झाली होती. कपाळ, गाल, कोपरापर्यंत हात, सगळं तंतोतंत. आम्ही इकडे अक्कांचं सुतक धरलं होतं आणि आत, अंधारात, त्यांचं काम चालूच होतं.

सुनीनं पाठीमागचा हात काढून चित्राशेजारी ठेवला. मनगटावरची खपली पडून नवी कातडी आली होती. ती एकदा चित्राकडे, एकदा हाताकडे बघत राहिली.

मग माझ्याकडे वळली. डोळे बारीक केले आणि अक्कांच्याच सुरात म्हणाली,

"हात दखाड, माय."

मी किल्ली खाली ठेवली आणि हात पुढे केला.