गंगारामाची पोलादी सुई

सत्यवानाचा जबडा गंगारामानं फोडला, तेव्हा सत्यवानाचे दोन्ही हात मी मागून धरले होते. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की लवू शिंप्यानं स्वतःचं झाकलं आणि मेलेल्या माणसाच्या नावानं खडे फोडले. गंगाराम माझा दोस्त होता आणि गंगाराम एक नंबरचा राक्षस होता. दोन्ही खरं.

लढाई संपल्यावर सहा वर्षं तो बोटीवर होता, स्वयंपाकघरात. अमेरिकेच्या बंदरात बाकीचे खलाशी पगार बाटलीत घालवायचे, हा रेकॉर्डींत घालवायचा. बावन्न साली गावी, आचऱ्याला परतला तो ट्रंकेत एकेचाळीस काळ्या रेकॉर्डी आणि चावीचा ग्रामोफोन घेऊन. पुढं गोव्यातून सुकटीच्या टोपलीत लपवून आणखी आणल्या. त्यांचा वास कधी गेला नाही. या वाजपाला तो जॅझ म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पत्र्याच्या डब्यात कुणी मांजरं कोंडलीत. चौथ्या रविवारी मी दुकानाचं फळकूट लावून दुपारी दोनलाच त्याच्या मांगरात, घरामागच्या खोपटात, हजर होतो. काय सांगू, चटकच तसली!

आम्ही चारपाच जण होतो. इंग्रजी एकालाही वाचता येत नव्हतं, गंगारामालाही नाही. म्हणून रेकॉर्डींना नावं आम्हीच दिलेली. तुतारीवाल्यानं तोंडाशी काहीतरी धरून नाकातून आवाज काढलेली ती ‘पडसा झालेलो’. दोन तुताऱ्या एकमेकींच्या उरावर बसतात ती ‘दोन सवती’. आता या दोन्हींत वाजवणारा माणूस एकच की वेगळा, यावर आम्ही दोन पावसाळे भांडलो. बाबली म्हणायचा वेगळा. गंगाराम सुई उचलून परत मागं ठेवायचा, परत ऐकवायचा, “आयक मेल्या, हंयसर श्वास घेता तो आयक!” बाबली बधला नाही तेव्हा गंगारामानं त्याला सोलला नारळ फेकून मारला. कपाळाला चार टाके. पुढल्या रविवारी बाबली पट्टी बांधून आला, बसला आणि म्हणाला, “तरी वेगळोच.”

रेकॉर्ड चालू असताना मात्र ब्र काढायचा नाही. खोकलं तरी शिवी. आणि हा नियम मोडला कुणी, तर त्याच्या सख्ख्या धाकट्या भावानं.

महादू देवळात ढोल वाजवायचा. त्याचे हात कधी गप्प नसत. चौपन्न सालच्या त्या दुपारी रेकॉर्ड रंगात आली आणि त्यानं शेजारच्या घासलेटच्या डब्यावर ठेका धरला. आई शप्पथ सांगतो, झकास धरला होता. पण डबा मेजाला टेकलेला. मेज हादरलं, सुई उडाली आणि रेकॉर्डीवर आडवा ओरखडा. गंगारामानं त्याच्या उजव्या कानाखाली अशी ठेवून दिली की कानातून रक्त आलं. मग लाथ घालून पायऱ्यांवरून खाली लोटला. पोरगं उठून उभं राहतं तोच परत लाथ. आम्ही सगळे बघत बसलो. त्या कानानं महादूला पुढं कधीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आंब्याच्या ट्रकात बसून फोंडाघाट चढला तो चढलाच.

त्यांची आई आनंदीकाकी. तिनं अंगणात उभं राहून गंगारामाला सांगितलं, “शिरा पडो तुझ्या त्या मशिनीर. तिच्यापायी माझो झील, माझो म्हादू गेलो.” ते शेवटचं. त्या दिवसापासून ती मांगरात फिरकली नाही आणि गंगारामाशी बोलली नाही. एका घरात, एका चुलीवर. जेवायला वाढायची आणि भिंतीला सांगायची, “आमटी आसा.”

नऊ वर्षांनी, त्रेसष्टच्या डिसेंबरात, एक गोंयकार दारात आला. मुंबईतल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये तुतारी वाजवायचा, नाताळला घरी निघाला होता. त्यानं सांगितलं की उजव्या कानानं ठार बहिरा झालेला महादू त्याच बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि पावसाळ्यात विषमज्वरानं गेला. आनंदीकाकीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग त्यानं पिशवीतून एक लहानशी रेकॉर्ड काढली. बँडनं हौसेनं दहाबारा काढून घेतलेल्या, त्यातली उरलेली ही एकच. मध्ये सगळे थांबतात आणि मिनिटभर महादू एकटा वाजवतो. मरताना आईसाठी म्हणाला होता, आवशीक ऐकवा.

गंगारामानं ती दोन्ही हातांत धरली. मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिला. पण काकी म्हणाली, “लवू, सांग तेका, त्या मशिनीर माका नको.”

तेव्हा सत्यवानानं तोंड उघडलं. मालवणात रेडिओ दुरुस्त करायचा. वर्षभर आमच्यात येत होता, शिकलेला, बोलायला मऊ. म्हणाला, “काकी, माझ्याकडे बॅटरीवरचा दुसरा मशीन आसा, थंय ऐकवतंय तुका.” मग गंगारामाकडं वळला. “दादा, ही प्लास्टिकची. हिच्या रेघा केसाइतक्या बारीक. तुझी पोलादी सुई हिच्यार नांगर फिरवतली. लावू नको. माका दी.” आणि त्यानं रेकॉर्डीला हात घातला.

माका दी! गंगारामाच्या रेकॉर्डी त्यानं आधी एकदा विकत मागितल्या होत्या. झालं. “चोरा! रांडेच्या, मेल्या भावाक पण चोरतस?” गंगाराम ओरडला. मलाही तसंच वाटलं. वाटलं म्हणजे काय, आम्हाला कोण शिकवणार! मी सत्यवानाचे हात मागं पिळून धरले. गंगारामानं कमरेला खोचलेली ग्रामोफोनची चावी उपसली, लोखंडी, वीतभर लांब, आणि तोंडावर हाणली. पहिल्या फटक्याला कडकन आवाज आला. दोन दात माझ्या पायावर पडले. दुसरा फटका बसला तरी मी हात सोडले नव्हते. तिसऱ्याला तो माझ्या अंगावरच कोसळला आणि माझा सदरा रक्तानं भिजला.

जबडा तीन ठिकाणी मोडला होता. ट्रकात घालून मिरजेला नेला, तारांनी बांधला, दीड महिना तिकडंच. पोलिसांना त्यानं पाटीवर लिहून दिलं, जिन्यावरून पडलो. का लिहिलं, देवाक ठाऊक.

आणि इकडं गंगाराम रोज दुपारी महादूला वाजवायचा. रेकॉर्ड भलत्या वेगानं फिरायची, माकडाच्या पोरासारखी चिरकायची. तर हा तबकाच्या कडेला अंगठा दाबून वेग मारायचा, माणसाच्या चालीवर येईपर्यंत. अंगठ्याची सालटी निघाली. दरवेळी नवी सुई, वर ती पाट्यावर घासून आणखी टोकदार केलेली. भावासाठी सगळ्यात धारदार. मधलं ते एक मिनिट आलं की डोळे मिटून म्हणायचा, “आयक, लवू, आयक. एका कानान वाजवता हा.” पाचव्या दिवशी मला ड्रम लांबून आल्यासारखा वाटला. आठव्या दिवशी आणखी लांब. मी बोललो नाही. सत्यवानाचे दात डोळ्यांपुढं होते ना! गंगारामालाही कळत असणार, कारण तो सुया आणखीच घासत होता.

फेब्रुवारीत सत्यवान आला. जबडा एका बाजूला सरकलेला, शब्द दातांतून चिरडून येत होते. बरोबर बैलगाडीत बॅटरी आणि यंत्र. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ पडवीत गेला, काकीच्या पाया पडला, म्हणाला, “सांगितलेलंय मा, ऐकवतंय म्हणान.”

गंगारामानं रेकॉर्ड आणून दिली. सत्यवानानं ती उन्हात तिरकी धरली. काळी रेकॉर्ड राखेसारखी पांढरट झाली होती. त्यानं एकदा गंगारामाकडं पाहिलं, ती तबकावर ठेवली आणि हलकेच सुई टेकवली.

खरखर. नुसती खरखर.

आनंदीकाकी नवं लुगडं नेसून बसली होती. मान पुढं काढून, श्वास धरून. बराच वेळ गेला. “आजून सुरू झाला नाय?” तिनं विचारलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. “ह्योच काय? ह्यो माझो म्हादू?”

मी खाली मान घातली. सत्यवानानं घातली. हो म्हटलं असतं तर म्हातारी सुखानं घरात गेली असती. हो म्हणायला तोंडं होती आमची तिघांची.

“नाय गे आये,” गंगाराम म्हणाला. “ह्यो म्हादू न्हय. ह्यो मी.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. सत्यवान यंत्र बंद करायला वाकला.

“रवांदे,” ती म्हणाली. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं थोरल्याकडं तोंड केलं. “बस हंयसर. आयक.”

तो तिच्या पायाशी बसला. खरखर शेवटपर्यंत वाजली. तबक आपोआप थांबलं तसा तो उठायला लागला. तिनं त्याच्या डोक्यावर हात दाबून त्याला परत खाली बसवलं.

“सत्यवाना,” ती म्हणाली, “परत लाव.”