अंगणात थांबलेलं बारा सिलिंडरचं इंजिन

माघातला दुसरा रविवार, सकाळ. हजर: आबा म्हणजे माझे सासरे, धाकटे दीर, माझे यजमान, जाऊबाई आणि मी. शिवाय अंगणात एक भारीतली परदेशी गाडी.

गाडी दिरांच्या गिऱ्हाइकाची. दिरांचं बारामतीत गॅरेज आहे. काम संपवून ती इंदापूरला पोचवायला निघाले होते. आमची वस्ती त्याच रस्त्यावर, म्हणून इंजिन आबांना दाखवायला थांबले. बारा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन दीर सोडले तर घरात कुणीच पाहिलं नव्हतं. आबांनी उभी हयात शेतावरची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. लोणी भापकरपर्यंतची माणसं त्यांना न्यायला यायची. बांधावर उभे राहून नुसत्या आवाजावरून ते बिघाड सांगत.

दिरांनी गाडी चालू करून बॉनेट उघडलं. आवाज इतका बारीक की मलाही कान द्यावा लागला. इंजिनावर चहाचा भरलेला कप ठेवला, तर चहा हलला नाही. आबा वाकून बघत राहिले.

"आरं, चालू कर की."

दीर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "चालूच हाय, आबा."

"मग ह्यापरास आपली म्हस जास्त आवाज करती."

सगळे हसलो. आबा हात धुवायला नळाकडे गेले. दिरांनी कप उचलला, आत बसून ॲक्सिलरेटर दाबला. आवाज असा उठला की शेळ्या दाव्याला हिसके द्यायला लागल्या, जाऊबाईंनी कान झाकले. आबांची पाठ गाडीकडे. सावकाश हात पुसत ते म्हणाले, "मोठ्यानं पळव की जरा. मला ऐकायचंय."

कुणी हसलं नाही. दिरांनी इंजिन बंद केलं.

आबा रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून डेअरीला दूध घालायला जायचे. सध्या कारखान्याचा हंगाम, उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ असते. निघताना दीर फाटकापाशी मला म्हणाले, "वहिनी, तुमीच सांगा त्यांना. माझ्यानं व्हायचं न्हाय."

सोमवारी मी बारामतीतल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, न्यायला गाडी ठरवली, किराणाही त्याच फेरीत बसवला. दुधाचं काम यजमानांकडे दिलं. यजमानांना चालण्याचा व्यायाम हवाय, असं आबांना सांगितलं. आबा तरी मागोमाग रस्त्यापर्यंत येतात, दोन्ही बाजूंना नीट बघतात आणि मग यजमानांना "जा आता" म्हणतात.

डॉक्टरांची वेळ परवाची आहे. आबांना कशासाठी न्यायचंय, ते सांगायचं राहिलंय.