बारशाचा फळा

ज्या कादंबरीत प्रत्येक घराच्या भिंतीला सरकारचा डोळा बसवलेला असतो, ती मी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत वाचली. म्हणजे, वाचली असं चाळीला सांगितलं. इंग्रजी होती. निम्मी डिक्शनरी घेऊन कळली, उरलेली मीच रचली. परळच्या आमच्या चाळीत रोज संध्याकाळी गॅलरीत बसून मी तिचे हप्ते सांगायचो. पुढच्या काळात माणूस घरात काय बोलतो, कुणाला भेटतो, सगळं सरकारला दिसणार, असं म्हटलं की बायकांचे तांदूळ निवडणारे हात थांबायचे.

"मग मेले त्या भिंतीवर गोधडी का नाय टांगीत?" चौदा नंबरातल्या वहिनींनी विचारलं.

कादंबरीत हे कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

या वहिनींचे यजमान गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. एका मोर्च्यात भाषण केलं म्हणून त्यांच्यावर वॉरंट निघालं आणि ते शिवडीकडे कुठल्याशा गोदामात लपले. मुलगी झाली तरी घरी आले नाहीत. बारशाला मात्र येणार, असा निरोप आला.

चाळीच्या दाराशी, रस्त्याकडे तोंड करून, एक फळा होता. सभा कुठे, पाणी किती वाजता, कोण पास झालं, सगळं त्यावर. लिहायचं काम माझ्याकडे, कारण अक्षर चांगलं. त्या सकाळी मी रंगीत खडूंनी पाळणा काढला, भोवती वेलबुट्टी काढली आणि खाली लिहिलं, 'खोली नंबर चौदा. आज सायंकाळी कन्येचे बारसे. कन्येचे पिताश्री जातीने उपस्थित राहणार आहेत. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.'

सर्वांनी!

अख्खी चाळ ते वाचून गेली आणि "पाळणा काय झकास काढलायस रे" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी दोन अनोळखी गृहस्थ आले. वहिनींच्या माहेरचे असतील म्हणून आम्ही त्यांना घुगऱ्या दिल्या. त्यांनी खाल्ल्या, पुन्हा मागून घेतल्या. एक जण माझ्याच शेजारी बसला होता.

"खालचा फळा कोण लिहितं हो? अक्षर मोत्यासारखं आहे."

"मीच!" मी म्हणालो. छाती काढून.

"छान," म्हणत त्याने रुमालाला हात पुसले, उठला आणि बाळाच्या बापाचं मनगट धरलं. मुलीचं नाव अजून ठेवायचं होतं.

एकच गलका उठला. खबर कुणी दिली, खबर कुणी दिली! त्या गलक्यात मी खाली गेलो आणि ओल्या फडक्याने फळा लख्ख पुसून काढला. तोवर मी नुसता मूर्ख होतो. त्या फडक्याने लबाड झालो.

संशय गेला तीन नंबरातल्या भाऊंवर. ते सरकारी कचेरीत कारकून, आणि मोर्च्याला कधी दिसले नव्हते. तेवढं पुरलं. नळावर त्यांच्या बायकोची बादली मागे सरकू लागली. गणपतीत आरतीचं ताट त्यांच्या दारावरून तसंच पुढे जाऊ लागलं. माझ्या एका ओळीने ते सुटले असते. एका सकाळी खडू घेऊन फळ्यापुढे उभाही राहिलो. लिहिलं काय, तर 'उद्या पाणी अर्धा तास उशिरा येईल.' पाणी वेळेवर आलं आणि बायकांनी माझा उद्धार केला. शिव्या खाताना जरा बरं वाटलं, हे कबूल करतो.

चौदा नंबरवाले काही महिन्यांनी सुटून आले. हारतुरे झाले. त्याआधीच भाऊंनी माहीमला बिऱ्हाड हलवलं होतं. त्यांची ट्रंक खाली उतरवायला मी हात लावला.

"तू एकटाच आलास बघ," ते म्हणाले. मी ट्रंकेची कडी घट्ट धरली. अजून बोलता आलं असतं.

हल्ली आमच्या सोसायटीचा मोबाईलवर ग्रुप आहे. 'आम्ही आठ दिवस केरळला' असं लोक फोटोसकट कळवतात. कुलूप कुठल्या कंपनीचं लावलंय तेवढंच सांगायचं बाकी ठेवतात. मध्यंतरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यावर साखळी चोरल्याचा आळ आला, त्याचा फोटो तासाभरात चार इमारती फिरला. साखळी कपडे धुवायच्या मशीनमध्ये सापडली. फोटो फिरतोच आहे. त्या कादंबरीवाल्याला यंत्र बरोबर दिसलं, पण आम्ही दिसलो नाही. धाकदपटशा केल्याशिवाय माणूस बोलायचा नाही, असं त्याला वाटलं. इथे कुणी 'झकास' म्हटलं की पुरतं.

परवा हे सगळं मी नातीला सांगितलं. ती कॉम्प्युटरमधली. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"भाऊंचा मुलगा असेल ना कुठेतरी? त्यांना सांगा की. मी शोधते, दोन मिनिटांचं काम आहे." तिने फोन उघडलासुद्धा. "आजोबा, आडनाव सांगा फक्त."

आडनाव, भाऊंचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, दारावरच्या पाटीवर होतं तसं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"आठवत नाही गं," मी म्हणालो.