नैवेद्याच्या ताटातली शिराझ

आमची लेक नाशिककडे एका वाईनरीत वाईन बनवते, हे अख्ख्या लातुरात फक्त मला आणि ह्यांना ठाऊक होतं. बाकी गोतावळ्यात ती ‘ज्यूसच्या कंपनीत’ होती. ही थाप ह्यांचीच. आम्ही लिंगायत. ह्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तुरीची आडत, आणि गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा केल्याशिवाय सकाळचा चहासुद्धा नाही. अशा माणसाला लेकीचं काम चारचौघांत सांगणं जड जातं, हे मला कळत होतं. पण लेकीला ते फार लागायचं. स्थळं यायला लागली तेव्हा तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, की अप्पा माझं खरं काम सांगणार असतील तरच मी पाहुण्यांपुढे बसेन. बाप आणि लेक दोघंही हट्टाला पेटलेले, आणि मधल्यामधे माझा जीव टांगणीला.

महाशिवरात्रीला ती आली ती चार डबे घेऊन. तिकडे ते तोडणीचे दिवस. वाईन अप्पांपुढे ठेवता येत नाही, पण ज्या द्राक्षांची ती होते ती तर उपासालाही चालतात, असा तिचा विचार. चार डब्यांत चार जाती होत्या, वर चिकटपट्टीवर नावं लिहिलेली. पूजा झाली की अप्पांना एकेक चाखवायची असं ठरवून, प्रवासाने दमलेली पोर जरा आडवी झाली.

इकडे मी माझं काम केलं. घरात आलेलं फळ आधी महादेवाला, ही आमच्याकडची रीत. मी सगळी द्राक्षं घडावरून सोडवली, धुतली आणि एका मोठ्या ताटात एकत्र घालून बेलाच्या पानांशेजारी नैवेद्याला ठेवली. लेक उठली आणि ताट बघून कपाळाला हात लावून बसली. मी म्हटलं, अगं, द्राक्षं ती द्राक्षं. त्यावर मात्र तिला हसू फुटलं.

नव्हतीच ती तसली द्राक्षं. बाजारातल्यापेक्षा लहान, जाड सालीची, आत बिया, आणि गोडी अशी की बोटं चिकटावीत. पूजा आटोपल्यावर ती ताट घेऊन अप्पांसमोर बसली आणि निवडायला लागली. काळ्यांतली लांबट ती शिराझ, बारीक गोल ती कॅबरने. हिरवी मात्र इतकी सारखी, की ती म्हणाली, ही आता जिभेनेच ओळखायची. आधी रस, मग साल चावायची, मग बी फोडायची, आणि चोथा थुंकायचा.

“प्रसाद थुंकत्यात व्हय?” ह्यांनी विचारलं.

झालं. बियांसकट सगळं गिळायचं ठरलं. पण चावायला लागले तसा ह्यांचा चेहरा बदलला. मोंढ्यात तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओल सांगतात, तेव्हा असेच डोळे मिटतात हे. शिराझ खाऊन म्हणाले, जांभूळ, आणि मागून मिरे. लेक खूश. कॅबरनेने तोंड आवळलं, तर त्यांना वाटलं कच्चीच तोडली. तिने समजावलं, की तो तुरटपणा सालीचा आणि बियांचा, त्याच्यावरच ती वाईन टिकते. हिरव्यांतलं एक त्यांना पिकल्या पेरूसारखं लागलं. ते शेनिन, असं ती म्हणाली. दुसरं त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवलं.

“ह्याला हरभऱ्याच्या टहाळ्याचा वास हाय,” ते म्हणाले.

ते होतं सोव्हिन्यॉ. आम्हाला शिकवताना गवत सांगतात, ढोबळी मिरची सांगतात, पण टहाळा कुणी सांगितला नव्हता, असं म्हणून तिने स्वतः एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि मान हलवली. मग दोघंही ताटावर वाकून एकमेकांना द्राक्षं भरवत बसले. मीही खाल्ली. मला आपली सगळीच गोड लागली, तसं बोलले तर दोघांनी मिळून माझी चेष्टा केली. कितीतरी महिन्यांनी घर असं हसत होतं.

तेवढ्यात ह्यांचे मावसभाऊ आले. येणारी स्थळं तेच आणायचे. उदगीरची मोठी दुकानदार मंडळी आहेत, मुलगी काय करते विचारत होती, मी ज्यूसच्या कंपनीचं सांगून ठेवलंय, असं ते बोलता बोलता म्हणाले. मी त्यांच्या हातावर प्रसाद दिला. चावता चावता त्यांनी विचारलं, की ही बियांची कसली द्राक्षं? लेक खाली मान घालून देठं गोळा करायला लागली. मी ह्यांच्याकडे बघितलं.

“वाईनची हायेत,” हे म्हणाले. “ज्यूसचं मी खोटंच सांगितलं होतं. माझी लेक वाईन करती.”

भाऊंचं तोंड जागच्या जागी थांबलं. प्रसाद, थुंकता येईना. कसाबसा घास गिळून त्यांनी विचारलं, “म्हणजे दादा, तुम्ही बी चाखली का काय?”

“न्हाई. चाखणार बी न्हाई,” हे म्हणाले. “पण तिची जीभ चुकत न्हाई. उदगीरवाल्यांना हे असंच सांग. त्यांना चाललं तर या म्हणावं.”

लेकीच्या हातातली देठं खाली पडली. ती अप्पांच्या खांद्यावर डोकं टेकवून, लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली, आणि मावसभावादेखत हे तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.