सोजरबाईंच्या मानेतली नस

कारेगावात सोजरबाईंची खानावळ विचारली तर कुणीही दाखवील. रांजणगावच्या कंपन्यांतली माणसं तिथं जेवतात, मीही त्यांतलाच. इतकी नावं कोण लक्षात ठेवणार, म्हणून बाईंनी आपली सोय केली. ज्याच्या कंपनीत जे बनतं, तेच त्याचं नाव. "ए फ्रिज, भाकरी घे. गिअर, तुझा डबा भरलाय." नवीन माणूस आधी बिचकतो, मग त्यालाच त्याचं कौतुक वाटायला लागतं.

एका सकाळी त्यांनी फ्रिजला गिअर म्हटलं, गिअरला बिस्कीट, आणि मग काहीतरी अगम्यच बडबडल्या. पंगत खो खो हसली, मावशी आज रंगात आहेत म्हणून! उजव्या हातातून परात निसटली तेव्हा कुठं हसू थांबलं. जरा वेळानं हात हलला, बोलणं सरळ झालं, आणि बाई पुन्हा भाकऱ्या थापायला बसल्या.

"वारं आलं व्हतं, गेलं," म्हणाल्या.

त्यांची सून करुणा कंपनीत माल तपासते. वरून बरा दिसणारा पण आतून खराब माल बाजूला काढायची तिला सवय. ती त्याच दिवशी सासूला शिरूरला आणि तिथून पुण्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी मानेची सोनोग्राफी सांगितली, तर बाई फिसकन हसल्या. "सोनोग्राफी? ह्या वयात?"

निदान हसण्यासारखं नव्हतं. मेंदूला रक्त नेणारी मानेतली डावी नस आतून चरबी साचून फार अरुंद झाली होती. त्यातलाच बारीक कण वर गेला होता. मोठा गेला तर हात आणि वाचा कायमची जाणार, म्हणून ऑपरेशन लगेच हवं. डॉक्टर समजावू लागले, "मावशी, ठिबकची नळी चोकअप झाली की..."

"मला कुठलं आलंय शेत?" बाईंनी त्यांना तिथंच गप्प केलं.

आणि अडून बसल्या. "धडधाकट बाईचा गळा कापायचा? पडले तर बघू."

"पडल्यावर उपेग न्हाई, आत्या," करुणा म्हणाली. "माझी आई पडल्यावरच नेली आमी. मला हाक मारायला बघायची, पन नाव यायचंच न्हाई तिला. तुमी आत्ता चांगल्या हाय, म्हणूनच करायचं." आणि ती सगळ्यांदेखत रडली. तिला रडताना बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्या उठल्या आणि सही करायला गेल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर घोगऱ्या आवाजात पहिलं बोलल्या, "करुणा, जेवलीस का?" मला हे सांगतानाही भरून येतं.

आता डॉक्टरांनी तंबाखूची मिसरी बंद केलीय, त्यामुळे बाईंची चिडचिड वाढलीय. परवा नाश्त्याला रामसजीवन हा बिहारचा कामगार फोनवर बापाशी बोलत होता. म्हाताऱ्याच्या एका डोळ्यापुढं थोडा वेळ अंधार आला होता, आता ठीक होतं. हीही मानेतली नस अरुंद झाल्याची खूण असू शकते, हे बाईंना डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांनी फोन हिसकावला.

"ठीक है ना? मग आजच डॉक्टर के पास जाव! बिघडल्यावर जाके क्या करेगा?"

"आप कौन?" म्हातारा चाचरला.

"तुम्हारे लडके को भाकरी देनेवाली. तुम जाता नहीं, तवर उसको मिलेगी नहीं."

दुपारी दवाखान्याच्या रांगेतून म्हाताऱ्याचा फोन आला. मगच रामसजीवनच्या ताटात भाकरी पडली.